दुपारचा पहारा

विणा खाली ठेवायचा नाही. लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा घरातल्या रीतीभाती शिकायला मला वर्ष लागलं, पण ही एक गोष्ट पहिल्याच चैत्रात पाठ झाली. चैत्रात आमच्या मारुतीच्या देवळात हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस, रात्रंदिवस नाम चालू. एक माणूस विणा गळ्यात घालून उभा राहतो. त्याचा पहारा संपला की दुसरा येतो, पहिला आपल्या गळ्यातला विणा काढून त्याच्या गळ्यात घालतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि पहिला मोकळा होतो. पाया पडताना वय बघत नाहीत, आजा नातवाच्याही पाया पडतो. पण पुढचा माणूस येईपर्यंत विणेकऱ्यानं बसायचं नाही, पायात काही घालायचं नाही आणि विणा भुईला टेकवायचा नाही. टेकला तर खंड पडला, सगळ्या गावाचा सप्ताह वाया गेला.

यातला दुपारचा पहारा माझ्या सासऱ्यांचा. त्यांना मी मामा म्हणते, आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाच म्हणतात. चैत्रातली परभणीकडची दुपार कुणाला सांगायला नको. कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडतात. तो पहारा कुणाला नको असायचा, म्हणून मामांनी तरुणपणी मागून घेतला आणि मग तो त्यांचाच झाला. सप्ताहाच्या बैठकीत बाकीच्या पहाऱ्यांवरून वादावादी व्हायची, पण दुपारच्या पहाऱ्याचं नाव निघालं की कुणीतरी म्हणायचं, "त्ये काय इचारायचं हाय का?" आणि पुढचा विषय. गावात आमची जमीन बेताची, घर बेताचं. मामांची जी काही इज्जत होती ती त्या पहाऱ्यात होती. हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही, पण माहीत सगळ्यांना होतं. मलाही होतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. नववी-दहावीला. मेंदूची आकृती फळ्यावर खडूनं काढते, मोठा मेंदू, लहान मेंदू, मज्जारज्जू, बाण काढून नावं देते आणि पोरांना पाठ करायला लावते. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढं जे झालं ते ऐकून कुणी म्हणेल, अडाणी बाई असेल, तिला कसं कळणार. मी अडाणी नव्हते. फक्त तो मेंदू माझ्या घरातल्या माणसाच्या डोक्यात असू शकतो हे माझ्या डोक्यात आलं नाही.

सुरुवात हसण्यावारी गेली. मामा सकाळी दाढी करून आले आणि दुपारी परत दाढीला जाऊन बसले. न्हाव्यानं बिचाऱ्यानं काही न बोलता परत साबण लावला, वस्तरा फिरवला आणि सांच्याला ह्यांना रस्त्यात गाठून हळूच सांगितलं. आम्ही दोघं लय हसलो. मग एकदा बघितलं तर मामा भरलेली बादली घेऊन गोठ्यात उभे. गोठ्यात बैल नव्हताच, विकून कितीतरी वर्षं झाली होती. दावणीपुढं बादली ठेवून मामा त्याला थांबून थांबून "पी, पी" म्हणत होते. तेव्हा मात्र हसू आलं नाही. मी बादली उचलून झाडाला ओतली आणि कुणी बघितलं तर नाही ना म्हणून आधी रस्त्याकडं बघितलं.

मग जेवणाचं सुरू झालं. जेवून हात धुवून उठायचे आणि थोड्या वेळानं चुलीजवळ येऊन उभे.

"भाकर झाली का?"

"आत्ताच तर जेवलात की मामा."

"कवा?"

आधी मी सांगायचे. मग ताट दाखवायला लागले, हे बघा तुमचंच ताट. मग वैतागायला लागले. मी मुळात तोंडाळ. जीभ आधी चालते, अक्कल मागून येते. एकदा मामा म्हणाले, "हिच्या हातची भाकर बघून लय दिवस झाले," आणि ते बाहेर ओट्यावर बसून म्हणाले, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कानावर जाईल असं. मला वाटलं, म्हातारा मुद्दाम करायलाय. आयुष्यभर माझ्याशी कधी वावगा शब्द बोलला नाही आणि आता म्हातारपणी उट्टं काढायलाय. असं वाटलं, खरंच वाटलं. शेजारी माझी चुलतसासू राहते. तिच्या नजरेतच मला दिसायला लागलं की सून मास्तरीण आहे, पगार घेती आणि म्हाताऱ्याला उपाशी ठेवती.

शेवटी ह्यांनी मामांना परभणीला दाखवलं. डॉक्टरांनी मशीनमध्ये डोक्याचा फोटो काढायला लावला आणि ती काळी फिल्म उजेडावर धरून आम्हाला दाखवली. शेंगेतला दाणा सुकला की टरफलात खुळखुळतो ना, म्हणाले, तसा मेंदू आक्रसत चाललाय. या फटी रुंद झाल्यात बघा. मग कानाच्या आतल्या बाजूला, खोलात बोट दाखवलं. दोन्हीकडं एक लहानसा भाग असतो, आज घडलेली गोष्ट तो पक्की करून साठवायला पाठवतो. या आजारात बहुतेकदा तोच आधी मरायला लागतो. पेशींच्या आसपास नको ते प्रथिन साचतं आणि पेशी मरतात. मेलेली पेशी परत येत नाही. "ते जेवण विसरले असं नाही हो ताई. विसरायला आधी साठवावं लागतं. त्यांच्याकडं ते साठलंच नाही. त्यांच्यापुरतं ते जेवलेच नाहीत."

मी मान डोलावली. फळ्यापुढं उभं राहून पोरं डोलावतात तशी.

मग जुनं सगळं कसं आठवतं, असं ह्यांनी विचारलं. बैल आठवतो, बैलाचं नाव आठवतं. डॉक्टर म्हणाले, जुनं आधीच दुसरीकडं मुरलेलं असतं, ते उशिरा जातं. हातापायाला लागलेल्या सवयी तर मेंदूच्या वेगळ्याच भागात असतात, त्या आणखी टिकतात. सुतार असेल तर रंधा धरेल. आणि एक सांगतो, म्हणाले, घटना विसरली जाते, पण तिनं मनाला झालेलं दुखणं राहतं. तुम्ही रागावलात तर कशाला रागावलात ते त्यांना आठवणार नाही, पण तुमच्याजवळ आले की भीती वाटेल. का वाटते ते मात्र त्यांना कळणार नाही. म्हणून रागावू नका, खोटं पाडू नका. औषधानं थोडा वेग कमी होईल, बरं होणार नाही.

येताना गाडीत मामा मागं बसून खिडकीतून बघत होते. पेडगावचा फाटा आला. मग हे म्हणाले, "गावात सांगायचं न्हाई."

"कामून?"

"मेंदूचा आजार म्हणलं की लोक येडं म्हणत्येत. सप्ताह आलाय तोंडावर. इणा काढून घेतील बापाच्या हातातून. मरून जाईल त्यो."

मला पटलं. पण मनातल्या मनात मला वेगळंच पटलं होतं, ते ह्यांना सांगितलं नाही. घरात वेड आहे म्हटल्यावर आमच्या लग्नाला आलेल्या पोरीला कोण विचारणार, आणि शाळेत बाया काय बोलतील. मला मामांच्या विण्यापेक्षा माझ्या तोंडाची पडली होती. तर ठरलं. कुणी विचारलं तर बीपीची गोळी चालू आहे, तिनं जरा गुंगी येते, असं सांगायचं. या वर्षीचा सप्ताह एवढा पार पडू द्यायचा, पुढच्या वर्षीचं पुढं बघू.

बैठकीतली माणसं घरी आली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात चहा घेऊन उभी. त्यांनी विचारलं, "दुपारचा पहारा, मग, नेहमीसारखा?" आणि मामा ताठ बसून म्हणाले, "त्ये काय इचारायचं हाय का?" मी चहा घेऊन बाहेर आले.

ठरल्याप्रमाणं पहाऱ्याच्या वेळी आमच्यापैकी एकानं देवळात बसायचं. हे रानात असले तर मी. शाळा सकाळची होती, मला दुपार मोकळी. पहिल्या दिवशी मी बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसले आणि मामांवर डोळे लावले.

आणि काय सांगू! मामांनी विणा गळ्यात घेतला आणि त्यांच्या अंगात जुना माणूस येऊन उभा राहिला. पाठ सरळ, डोळे अर्धे मिटलेले, बोट तारेवर, ओठावर रामकृष्णहरी. एक पाऊल पुढं, एक मागं. सकाळी ज्यांना सदऱ्याची बटणं लागत नव्हती ते हे. दुपारी देवळात टाळकरीही पेंगतात, पण मामांचा सूर हलला नाही. पुढचा माणूस आला, विणा दिला, त्याच्या पाया पडले, आणि देवळाच्या पायऱ्या उतरताच मला म्हणाले, "आपण कुणाच्या गावी आलोत?" मला रडू येईल असं वाटलं, पण बरंही वाटलं. डॉक्टर म्हणाले तेच. सवय टिकते. आपला सप्ताह निभावतो.

मी निर्धास्त झाले. तीच चूक. आणि माझ्या एकटीची नाही, गावाचीही. मामा पहाऱ्यावर आहेत म्हटलं की टाळकरी आत जाऊन आडवे व्हायचे आणि पुढचा विणेकरी जेवून, पडून, सावकाश यायचा. मामा काय, उभेच असतात. पुढचा आल्याशिवाय हलायचे नाहीत.

पाचव्या दिवशी आमच्या भावकीची पंगत होती. देवळापुढं मांडव, सगळं गाव बसलेलं. मामा पहिल्या पंगतीला जेवले, मी स्वतः वाढलं. भात, वरण, शिरा, सगळं पोटभर. उठून हात धुतला. दुसरी पंगत बसली आणि मी वळून बघते तर मामा परत पत्रावळीपुढं. मी वाकून हळूच म्हटलं, "मामा, उठा. आत्ताच जेवलात."

"कुटं जेवलो?" मामांचा आवाज मोठा. "सकाळधरनं पोटात काय न्हाई. घरी बी काय न्हाई. ही मला उपाशी ठेवती बगा."

वरणाची बादली घेऊन चाललेला माणूस तिथंच थांबला. शेजारच्या पाच-सहा जणांनी घास हातात धरून माझ्याकडं बघितलं. माझी चुलतसासू पलीकडून म्हणाली, "आगं, बसू दी की त्याला. हितं तरी खाऊ दी पोटभर." 'हितं तरी' असं म्हणाली. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एका वाक्याचं काम होतं. आजार आहे, त्यांना आठवत नाही, एवढं बोलले असते तर तिथंच संपलं असतं. पण ते वाक्य तर आम्ही दडवून ठेवलं होतं. मी मामांच्या दंडाला धरलं आणि उठवलं. उठवलं म्हणजे ओढलं. सगळं गाव बघत असताना ओढत घरी आणलं.

दार लावलं आणि तोंड सुटलं माझं. काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. लाज वाटत न्हाई का तुमाला, म्हटलं. माझ्या तोंडाला काळं फासलं भर गावात. आयुष्यभर केलं त्याचे हे पांग फेडले. मामा बाजेवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यावर. खाली बघत म्हणाले, "म्या काय केलं?"

"काय केलं त्ये बी आठवंना तुमाला! आन इणा घेऊन उभं राहायलेत! उद्यापासून बंद. त्या लायकीचे न्हाई राहिलात तुमी."

ते वाक्य तोंडातून गेलं तेव्हाच मला कळलं की हे लागलं. मामांनी वर बघितलं. आयुष्यात कधी त्यांच्या डोळ्यात मी माझी भीती बघितली नव्हती, ती बघितली. मग ते भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. थोड्या वेळानं उठून नेहमीसारखे इकडंतिकडं फिरायला लागले, विसरले असावेत. पण सांच्याला मी ताट घेऊन गेले तर अंग चोरून बसले. घासाला हात लावला नाही. ह्यांनी तेच ताट दिलं तर जेवले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं. शब्द न् शब्द सांगितलं होतं. आणि मी पोरांना पाठ करायला लावणारी बाई.

दुसऱ्या दिवशी ह्यांना बोरीला जाणं भाग होतं. जाताना म्हणाले, "तू देवळात बस बरं का." मी हो म्हटलं. दुपारी पहाऱ्याच्या वेळेला मामा कुणी न सांगता उठले. अंघोळ केली, पांढरं धोतर, कपाळाला गंध, आणि अनवाणी निघाले. मी बंद म्हणाले होते ते त्यांच्या डोक्यात कुठं साठणार? पण पायाला पहारा माहीत होता. मी दारातून बघितलं. मागं जायचं म्हणून पदर खोचला, आणि पाऊल उचलेना. सगळ्या बाया तिथं बसलेल्या. चुलतसासू बसलेली. ही बघा आली, म्हाताऱ्याला उपाशी ठेवणारी. कुठलं तोंड घेऊन जाऊ? मी आत आले, पंखा लावला आणि पडून राहिले. एक दिवस नाही बसलं तर काय होतंय, म्हटलं. मामा काय, उभेच असतात.

ओरडा ऐकून उठले. दारात दोघंतिघं उभे. पुढचा विणेकरी नेहमीसारखा उशिरा आला तर विण्याच्या जागी कुणीच नाही. टाळकरी आत घोरत होते, बाया उन्हाच्या घरी गेल्या होत्या. मामा नाहीत आणि विणा नाही.

"घरी आले का?"

"न्हाई."

"मंग इणा घेऊन गेले कुटं? आसं कसं केलं त्यांनी?"

गावात एकच गलका झाला. मोटारसायकली निघाल्या, कुणी डांबरी रस्त्याला, कुणी स्टेशनाकडं. खंड पडला, खंड पडला, अशी कुजबुज माझ्या मागं सुरू झाली. मला खंडाचं काही वाटत नव्हतं. मला ऊन दिसत होतं. आणि एक गोष्ट आठवत होती. रोज दिवस कलायला लागला की मामा म्हणायचे, "घरी जायचं." हेच घर आहे म्हटलं की कालव्याकडं बोट दाखवायचे. कालव्याच्या पलीकडं मळ्यात त्यांचा जन्म झालेलं घर होतं, आता तिथं दगडही उरला नाही. कालव्याला उन्हाळी पाण्याची पाळी सुटलेली होती. मी कुणाला न सांगता त्या वाटेनं पळत सुटले.

लांबूनच दिसले. कालव्याच्या कडेला, सावली म्हणून काही नाही, काळ्या रानात उभे. पाणी आडवं आल्यामुळं पुढं जाता येईना, आणि मागं कुठं जायचं ते माहीत नाही. धोतर घामानं अंगाला चिकटलेलं. विणा गळ्यात. बोट तारेवर चालू होतं, आवाज निघत नव्हता, फक्त ओठ हलत होते. एक पाऊल पुढं, एक मागं. पाय थरथरत होते. माणूस पडायला आला होता, पण बसला नव्हता.

मी धापा टाकत पुढं जाऊन उभी राहिले. मामांनी माझ्याकडं बघितलं. ओळख नव्हती. काल मी बघितलेली भीतीही नव्हती. चेहरा एकदम सैल झाला त्यांचा.

"आले का माउली," म्हणाले. "लय येळ झाला. कुणी आलंच न्हाई."

आणि गळ्यातला विणा काढायला लागले.

आमच्या गावात बायका विण्याला हात जोडतात, गळ्यात घेत नाहीत. हे माझ्या डोक्यात आलं आणि गेलं. मी घाईनं चपला काढल्या. भुई अशी चटकली की मी एका जागी उभी राहू शकेना, आणि मग मामांच्या पायाकडं नजर गेली. टाचा, बोटं, सगळं भाजून फोड आलेले, काही फुटलेले. तेवढ्या पायांवर ते उभे होते. त्यांनी विणा माझ्या गळ्यात घातला, तार नीट माझ्या बोटाखाली दिली. आणि रीतीप्रमाणं वाकले.

"मामा, न्हाई, तुमी न्हाई," म्हणत मी मागं सरकले. ते आणखी वाकले. ज्या सासऱ्यापुढं मी अजून डोक्यावरून पदर घेतल्याशिवाय जात नाही त्यांनी माझ्या पायाला दोन्ही हात लावून कपाळाला लावले. पहाऱ्याला आलेल्या माणसाच्या पाया पडायचं असतं, म्हणून पडले. मी विणा एका हातानं सावरत वाकून त्यांच्या त्या भाजलेल्या पायांना हात लावला. रडायला लागले ते मला थांबवताच येईना.

मामा बाजूला उभे राहून दम खात होते. जरा वेळानं इकडंतिकडं बघून खाजगीतलं बोलावं तसं म्हणाले, "माउली, मला त्या घरी नका पाठवू."

"कामून मामा?"

"तितं एक बाई हाय. लय बोलती मला. कामून बोलती ठावं न्हाई." मग मान खाली घातली आणि हळू म्हणाले, "म्या काय तरी केलं आसंल."

माझ्या मेंदूत जे काही भाग धड असतील ते सगळे त्या वेळी बंद पडले. कोणत्या तोंडानं सांगू की ती बाई मीच? "न्हाई मामा," म्हटलं, "तुमी काय बी न्हाई केलं. काय बी न्हाई." तेच तेच म्हणत राहिले. त्यांचा हात धरला, माझ्या चपला त्यांच्या पायात सरकवल्या, पहारा संपला होता म्हणून त्यांनी घालू दिल्या, आणि आम्ही गावाकडं निघालो. मी पुढं, अनवाणी, विणा गळ्यात. मागं ते, बायकी चपला घालून, टाळ्या वाजवत.

वेशीतून आत आलो तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर. देवळाच्या पायरीवर सप्ताहाचे महाराज उभे होते. त्यांनी पहिलं विचारलं, "इणा खाली टेकला व्हता का?"

"न्हाई," मी म्हटलं. "मामा उभेच व्हते. म्या गेले तवा बी उभेच व्हते. त्यांच्या हातून माझ्या गळ्यात आला, मधी कुटंच टेकला न्हाई."

"मंग खंड न्हाई," महाराज म्हणाले.

तेवढ्यावर गप्प बसता आलं असतं. सगळे विण्याकडं बघत होते, मामांच्या नावाला धक्का लागला नव्हता, बीपीच्या गोळीवर भागलं असतं. पण चुलतसासू मामांच्या पायाकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यात परत तेच आलं होतं, काय हाल केले म्हाताऱ्याचे. या खेपेला ते खरं होतं. मी म्हटलं, "मामाला मेंदूचा आजार हाय. येड न्हाई, आजार. आत्ताचं त्यांच्या डोक्यात राहत न्हाई. काल पंगतीत त्यांना जेवल्यालं खरंच ठावं नव्हतं. आमाला म्हाईत व्हतं, आमी लपवलं. आन काल घरी नेऊन म्या त्यांना नको नको त्ये बोलले."

चुलतसासूनं घागर आणली, मामांना पायरीवर बसवलं आणि त्यांच्या पायावर हळूहळू पाणी सोडायला लागली. पुढचा विणेकरी माझ्यापुढं येऊन घुटमळला, बाईच्या गळ्यातला विणा घ्यायचा कसा म्हणून. मग घेतला, आणि माझ्या पाया पडला. मीही त्याच्या पडले. मामांनी पायरीवरून बघितलं आणि समाधानानं मान हलवली, पहारा नीट बदलला म्हणून.

सातव्या दिवशी दुपारी मामांच्या पायाला पट्ट्या होत्या. गावानं पहारा काढून घेतला नाही. मामांना देवळात खुर्चीवर बसवलं आणि ज्यानं विणा घेतला तो त्यांच्यासमोर उभा राहिला. ते बसल्या जागी नाम घेत होते. त्यांना कळलं का, की विणा आपल्या गळ्यात नाही? मला माहीत नाही.

आता ते मला सून म्हणून ओळखत नाहीत. कधी माउली म्हणतात, कधी ताई, कधी काहीच नाही. पण माझ्या हातचं जेवतात. आणि कधीकधी घास तोंडात असताना थांबून दबल्या आवाजात विचारतात, "ती बाई हाय का घरात?"

"न्हाई मामा. गेली ती."

"परत यायची न्हाई ना?"

बऱ्याच वेळा मी लगेच न्हाई म्हणते. पण परवा सकाळी शाळेची घाई होती, त्यांनी तिसऱ्यांदा भाकर मागितली आणि मी ताट जरा जोरात आदळलं. नंतर त्यांनी हाच प्रश्न विचारला, माझ्याकडंच बघून. मी खाली बघून त्यांची भाकर कुस्करत राहिले.